'टाइम आउट ऑफ माइंड': गढूळपणाचा हिशोब

बॉब डिलनचा 'टाइम आउट ऑफ माइंड' आज ऐकायचा म्हटलं की आधी निवड करावी लागते. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने ३० सप्टेंबर १९९७ ला आणलेला मूळ अल्बम एक. त्याच टेपांवरून नव्याने केलेला मिक्स, म्हणजे मुद्रित गळा आणि वाद्यं पुन्हा जुळवून केलेली आवृत्ती, दुसरा. तो २७ जानेवारी २०२३ ला 'बूटलेग सिरीज' या डिलनच्या न आलेल्या ध्वनिमुद्रणांच्या मालिकेच्या सतराव्या खंडात, 'फ्रॅगमेंट्स' या नावाने, बाहेर आला. गाणी तीच अकरा, गळा तोच, वाजवणारेही तेच. तरी 'लव्ह सिक'ची पहिली तीस सेकंदं दोन्हींत लागोपाठ लावून पाहा, फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मूळ मिक्समध्ये गाणारा माणूस खोलीच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि मध्ये धूर भरलाय. नव्या मिक्समध्ये तो उठून जवळ आलाय आणि कोणीतरी खिडकी उघडलीय.

या अल्बमच्या ध्वनीवरचा वाद त्याच्याइतकाच जुना आहे. निर्माता डॅनियल लॅनवाने चांगल्या गाण्यांवर चिखल ओतला, असं एक म्हणणं; तो चिखल म्हणजेच अल्बम, असं दुसरं. दोन्ही म्हणणी अकराच्या अकरा गाण्यांना सरसकट लावली की फसतात. यातल्या निम्म्याहून अधिक गाण्यांची बांधणीच अशी आहे की गढूळ ध्वनी त्यांच्या शब्दांचं अर्धं काम करतो. दोन-तीन ठिकाणी तो गाण्याचा अशक्तपणा झाकतो. आणि एका ठिकाणी तर तो नुसताच आडवा येतो.

आधी काळाचं गणित नीट लावून घेऊ, कारण त्याबाबत एक गैरसमज कायमचा चिकटलाय. मे १९९७ मध्ये डिलन हिस्टोप्लाझ्मोसिस या बुरशीजन्य संसर्गाने, हृदयाच्या आवरणाला सूज येऊन, रुग्णालयात होता. अल्बम त्यानंतर चार महिन्यांनी आला आणि सगळ्यांनी ही 'मरणाच्या दारातून लिहिलेली गाणी' ठरवून टाकली. पण मुख्य ध्वनिमुद्रण त्याच वर्षीच्या जानेवारीत मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत झालं होतं आणि सुरुवातीचं काम १९९६ मध्येच, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड इथे एका जुन्या सिनेमागृहात थाटलेल्या लॅनवाच्या 'टेआत्रो' स्टुडिओत. म्हणजे शब्द आजाराच्या आधीचे आहेत. पंचावन्न वर्षांचा, धडधाकट, वर्षभर दौरे करणारा माणूस हे लिहीत होता. 'नॉट डार्क येट' हे ध्यानात ठेवून ऐकलं की त्यातला थकवा जास्त टोचतो.

त्याआधीची सात वर्षं डिलनने नव्या गाण्यांचा अल्बम केला नव्हता. १९९० च्या 'अंडर द रेड स्काय'नंतर १९९२ आणि १९९३ मध्ये आले ते दोन अल्बम जुन्या लोकगीतांचे आणि ब्लूजचे, एक माणूस आणि एक गिटार एवढ्यावर केलेले. 'टाइम आउट ऑफ माइंड'ची भाषा तिथून आली. ते दोन अल्बम न ऐकता थेट इथे आलात तरी बिघडत नाही, पण मग या गाण्यांतल्या कितीतरी ओळी ओळखीच्या का वाटतात ते कळणार नाही.

आता खोली. क्रायटेरियात लॅनवाने डझनभर वादक एकाच मोठ्या खोलीत बसवले. ढोलकऱ्यांच्या, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्यांच्या, जोड्या होत्या: बऱ्याच गाण्यांत जिम केल्टनर आणि ब्रायन ब्लेड एकाच वेळी वाजवतात. ऑगी मायर्सचा व्हॉक्स ऑर्गन, जिम डिकिन्सनचा वुर्लिट्झर पियानो आणि पायपेटी, सिंडी कॅशडॉलरची स्लाइड गिटार, ड्यूक रोबिलार्ड आणि बॉब ब्रिट यांच्या गिटारी, टोनी गार्निएचा बास, शिवाय स्वतः लॅनवा आणि डिलन यांच्या गिटारी. डिलन त्याच खोलीत, वादकांच्या मध्ये, थेट गात होता. ध्वनिमुद्रक मार्क हॉवर्ड.

अशा मांडणीत काय होतं ते आकड्यांत सांगता येतं. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर कापायला त्याला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. ढोलाचा आवाज ढोलाच्या मायक्रोफोनला आधी मिळतो आणि दोन मीटरवरच्या गायकाच्या मायक्रोफोनला सहा मिलिसेकंद उशिरा. दोन्ही मिक्समध्ये एकत्र आले की काही कंपनसंख्या एकमेकींना खोडतात. एक मीटरच्या अंतराला पहिला खड्डा १७० हर्ट्झच्या आसपास पडतो, पुढचा ५१० च्या आसपास, आणि असेच वर. अशा डझनभर मायक्रोफोनांची बेरीज केली की तालवाद्याची कड मऊ होते आणि २०० ते ५०० हर्ट्झचा पट्टा विरार फास्टच्या डब्यासारखा होतो: सगळे आत आहेत, कोणाचा चेहरा दिसत नाही. ऑर्गनचा खालचा हात, गिटारींचा मधला भाग, डिलनच्या आवाजाचा छातीतला भाग, सगळं याच पट्ट्यात.

हे टाळता आलं असतं. गायकाला वेगळ्या काचेच्या खोलीत बसवायचं, ढोलांना आडोसे लावायचे, किंवा गळा नंतर स्वतंत्र घ्यायचा. स्टुडिओत नेहमी हेच करतात. डिलन तसं गात नाही. टेकमागून टेक, म्हणजे दर वेळी गाणं पुन्हा मुद्रित करताना, तो ओळींची लांबी, श्वासाची जागा, कधीकधी सूरसुद्धा बदलतो, आणि वादकांना त्याचं तोंड बघून वाजवावं लागतं. म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरण्याची ही गळती त्याच्या गाण्याच्या पद्धतीची किंमत आहे. लॅनवाने ती लपवली नाही, उलट वाढवली.

वाढवली ती दोन प्रकारे. एक, गळ्यावर छोटी प्रतिध्वनी आणि किंचित फाटलेपणा, पन्नासच्या दशकातल्या तबकड्यांवर असायचा तसा. 'लव्ह सिक'मध्ये तर आवाज एखाद्या लहान, जुन्या ॲम्प्लिफायरमधून येतोय असं वाटतं. दोन, वाद्यांचे थर. 'मिलियन माइल्स' हेडफोनवर ऐका आणि गिटारी मोजायचा प्रयत्न करा. दुसऱ्या कडव्यापर्यंत नाद सोडाल. एक गिटार सूर धरते, दुसरी नुसती तार खाजवते, तिसरी ओळीच्या शेवटी एखादं वाक्य टाकून गप्प बसते. ऑर्गन डावीकडून आत येतो की मागून, तेही सांगता येत नाही.

गळ्याचं काय? मराठी श्रोत्याला भावगीतांची सवय आहे: आवाज पुढे, शब्द स्वच्छ, वाद्यं अदबीने मागे. इथे त्या अपेक्षेने बसलात तर पहिली वीस मिनिटं चिडचिड होईल. डिलनचा आवाज १९९७ पर्यंत घासून गेलेला होता, वरची पट्टी जवळपास संपलेली. पण त्याने सूर लिहितानाच हे हिशेबात धरलंय. चाली चार-पाच सुरांत फिरतात, ओळी लहान, आणि वाक्य बहुतेक वेळा खाली उतरून थांबतं, म्हणजे दम जिथे संपतो तिथेच चाल संपते. तो ठेक्याच्या किंचित मागे राहून गातो. दोन ढोलकरी असल्यामुळे ठेक्याची जागा आधीच रुंद झालेली असते आणि त्या रुंदीत त्याला हवं तिथे शब्द टाकता येतो. लॅनवाच्या दुहेरी ढोलांचा खरा फायदा हा. समीक्षक तो बहुतेक वातावरणनिर्मितीच्या खात्यात टाकतात, तिथे तो नाही.

गीतलेखनाकडे वळू. साठच्या दशकातला प्रतिमांचा पूर इथे नाही. शब्द एकेका अक्षरभाराचे, रोजचे, यमक जोडओळींचं, पालुपद कडव्याच्या शेवटी, आणि गाणाऱ्याची कृती जवळजवळ प्रत्येक गाण्यात एकच: चालणं. 'लव्ह सिक' चालण्यानेच सुरू होतं, निर्मनुष्य रस्त्यांवरून. बाकी गाण्यांत तो मातीच्या रस्त्यावर आहे, कोणापासून दहा लाख मैल दूर आहे, दारात उभा आहे, गावाबाहेर वीस मैलांवर बेड्यांत आहे. कुठेही पोचत नाही.

'नॉट डार्क येट' हा यातला सर्वांत घट्ट विणलेला तुकडा. चार कडवी, मध्ये ना वेगळा अंतरा ना चढती पायरी, प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच पालुपद: अजून अंधार पडला नाही, पण पडायला आलाय. दर कडव्यात माणूस एकेक गोष्ट टाकून देतो. माणुसकीवरचा विश्वास, प्रवासाचं अप्रूप, इतरांच्या डोळ्यांत काही शोधायची इच्छा, शेवटी प्रार्थनेची कुजबुजही ऐकू येत नाही. पालुपदाचे शब्द बदलत नाहीत, पण वरून एकेक वस्तू उचलली गेल्यामुळे चौथ्यांदा ते वेगळंच वजन घेऊन येतं. केल्टनरचा ढोल इथे जाणूनबुजून आळसावलेला, कॅशडॉलरची स्लाइड पार मागे. साडेसहा मिनिटांत कोणी एकदाही आवाज चढवत नाही. या गाण्यावरचं धुकं काढू नये असं आमचं ठाम मत आहे, आणि नव्या मिक्समध्येही ते फारसं काढलेलं नाही, हे बरं.

'ट्राइंग टू गेट टू हेवन' वेगळ्या कारणासाठी बघण्यासारखं आहे. यातल्या ओळींचा मोठा भाग जुन्या अमेरिकन लोकगीतांतून उचललेला आहे. मिस मेरी जेन आणि तिचं बाल्टिमोरचं घर हे थेट तिथलं. उचललेलं असूनही गोधडी वाटत नाही, कारण प्रत्येक उसनी ओळ 'मी कुठून कुठे गेलो' या एकाच वाक्यरचनेत बसवलीय. बोलणारा माणूस गाण्यांमधून प्रवास करून आलाय, गावांमधून नाही, असं हळूहळू लक्षात येतं. पुढे 'लव्ह अँड थेफ्ट'मध्ये डिलनने हीच पद्धत इतकी उघड केली की अल्बमच्या नावातच चोरी आली. तिची तालीम इथे आहे.

'स्टँडिंग इन द डोअरवे' पावणेआठ मिनिटांचं आहे आणि त्यातलं मिनिटभर कमी चाललं असतं. तरी मूळ मिक्समध्ये स्लाइड गिटार आणि ऑर्गन एकमेकांत इतके मिसळलेत की कोण कुठे संपतं ते कळत नाही. प्रेम संपलंय की नाही हे न कळणाऱ्या माणसाच्या गाण्याला ते शोभतं.

'कोल्ड आयर्न्स बाउंड'चा ढोल डेव्हिड केम्परचा, आणि अख्ख्या अल्बमात घाम फुटलेला हाच एक ट्रॅक. बास पुढे, गिटारी खरबरीत, गळ्यावर सर्वांत जास्त प्रतिध्वनी. १९९८ च्या ग्रॅमीत अल्बमला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार मिळाला, आणि पुरुष रॉक गायनाचा मिळाला तो या गाण्याला. स्वस्त स्पीकरवर हे गाणं सर्वांत आधी ओरडायला लागतं, म्हणून उपकरण तपासायला हेच लावावं.

कमकुवत बाजूही मोजून टाकू. 'डर्ट रोड ब्लूज' बारा मात्रांच्या नव्हे तर बारा बारच्या (चार-चार ठोक्यांच्या बारा गटांच्या) नेहमीच्या साच्यातलं: पहिली ओळ, तीच पुन्हा, मग उत्तर. साच्यात वाईट काही नाही, पण इथे उत्तराची ओळ फार क्वचित प्रश्नाला भिडते. 'टिल आय फेल इन लव्ह विथ यू' ठेका छान धरतं आणि शब्दांत भराव टाकतं. ही दोन गाणी धुक्यामुळे तगलीत. नव्या मिक्समध्ये ती उघडी पडतात, तेव्हा ऐकणारा मिक्सला दोष देतो. दोष लेखणीचा आहे.

'मेक यू फील माय लव्ह'चं दुखणं उलटं. पियानो, ऑर्गन, बास, ढोल नाही, साडेतीन मिनिटं, सरळ वचन देणारं गाणं. अल्बममधल्या इतर दहा गाण्यांतला माणूस हे वचन देईल यावर विश्वास बसत नाही. बिली जोएलने ते डिलनच्या आधीच, ऑगस्ट १९९७ मध्ये, बाहेर आणलं; पुढे २००८ मध्ये अडेलच्या पहिल्या अल्बमने ते जगभर नेलं, आणि आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओंना ते लावणाऱ्या बहुतेकांना ते डिलनचं आहे हे ठाऊकही नसतं. गाणं चांगलं आहे, जागा चुकलीय. मूळ मिक्समध्ये त्याच्या गळ्यावरही तोच परिणाम लावलाय आणि तो इथे नको होता. नवीन मिक्स घ्यायला एवढं एक कारणसुद्धा पुरेल.

मग शेवटचं 'हायलँड्स', साडेसोळा मिनिटांचं. चार्ली पॅटनच्या ब्लूजवरून घेतलेला एक गिटारीचा तुकडा सुरुवातीपासून अखेरपर्यंत फिरत राहतो. 'माझं मन डोंगराळ मुलखात आहे' ही कल्पना स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या १७८९ च्या कवितेतली. त्या दोहोंच्या मध्ये डिलन बॉस्टनच्या एका खाणावळीतला लांबलचक संवाद घालतो: वाढणारी बाई, उकडलेली अंडी, 'माझं चित्र काढ' हा तिचा आग्रह, 'कागद नाही' ही त्याची सबब, आणि मग 'तू बायकांची पुस्तकं वाचत नाहीस' हा तिचा टोमणा. चढ नाही, उतार नाही, निष्कर्ष तर नाहीच. कंटाळा येईल अशी भीती वाटते आणि येत नाही, कारण इथे लॅनवाने हात आखडता घेतलाय: वाद्यं मोजकी, गळा जवळ, जवळजवळ बोलल्यासारखा. विनोद ऐकू यायला हवा तर शब्द कळायला हवेत, हे दोघांनाही कळलेलं दिसतं. संपूर्ण अल्बम या पद्धतीने केला असता तर काय झालं असतं, असा विचार येतो, आणि 'लव्ह सिक' आठवलं की तो मागे घ्यावा लागतो.

आता नव्या मिक्सचा प्रश्न. तो मायकल ब्राउअरचा. वादक खोलीत वाजवत होते तेव्हा गाणी जशी ऐकू येत असतील त्याच्या जवळ जाणं, थर आणि परिणाम उतरवणं, हा त्यामागचा घोषित हेतू. गळा कोरडा आणि पुढे, वाद्यांना डावी-उजवी जागा, तालवाद्यांची गर्दी कमी. एक मर्यादा समजून घ्या. नंतर चढवलेली प्रतिध्वनी काढता येते, नंतर भरलेलं वाद्य बंद करता येतं; पण गळ्याच्या मायक्रोफोनमध्येच शिरलेला ढोल गळ्यासकट राहतो. म्हणून नव्या मिक्सलाही काचेसारखी स्वच्छता नाही, आणि कोणी तशी जाहिरात केली तर विश्वास ठेवू नका. या मर्यादेमुळेच तो मिक्स प्रामाणिक वाटतो.

दोन्हींची तुलना करताना एक चूक हमखास होते. एक डेसिबलने मोठा आवाज कानाला 'अधिक चांगला' वाटतो, 'मोठा' वाटत नाही. त्यामुळे स्ट्रीमिंग ॲपमधलं आवाजाची पातळी समान करणारं सेटिंग चालू ठेवा. सीडी असेल तर नॉबने गळा दोन्हीकडे सारखा लावून घ्या, ढोल नव्हे, कारण दोन मिक्समध्ये गळा आणि ढोल यांचं प्रमाणच वेगळं आहे. मग 'लव्ह सिक', 'स्टँडिंग इन द डोअरवे' आणि 'कान्ट वेट' या तिघांवर निर्णय घ्या. आमचा कौल: 'लव्ह सिक' आणि 'नॉट डार्क येट' मूळ मिक्समध्ये, 'मेक यू फील माय लव्ह' आणि 'कान्ट वेट' नव्यात, 'हायलँड्स' दोन्हींत चालतं. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने मूळ अल्बमच सलग ऐकावा, बहात्तर मिनिटं पन्नास सेकंदं, मधलं काही न गाळता.

उपकरणांबद्दल. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. २०० हर्ट्झच्या खालचं तिथे जवळजवळ काही येत नाही, आणि गार्निएचा बास गेला की उरतो तो नुसता खरखरीत मधला पट्टा. लोकांनी 'गढूळ' म्हणून नाकारलेला तो बऱ्याचदा हा. घरचे स्पीकर असतील तर खोली आधी बघा. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये पहिल्या दोन घुमणाऱ्या कंपनसंख्या साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झला येतात, म्हणजे बास गिटारच्या नेमक्या खालच्या सुरांवर. त्यात सोफा भिंतीला टेकलेला, जिथे ती घुमणूक सर्वांत जास्त. स्पीकर मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या, बसायची जागाही तेवढीच पुढे ओढा. 'मिलियन माइल्स'चा बास फुगायचा थांबतो. तरीही जड वाटलं तर इक्वलायझरवर २५० हर्ट्झच्या आसपास दोन डेसिबल कमी करा. वरचा ट्रेबल मात्र वाढवू नका. डिलनच्या आवाजावर चढवलेला फाटलेपणा दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये बसलाय, ट्रेबलसोबत तोच वर येतो आणि दोन गाण्यांत कान दुखतात.

विनाइल दोन तबकड्यांचं आहे, चार बाजूंना मिळून सरासरी अठरा मिनिटं, म्हणजे खोबणीला पुरेशी जागा. अडचण एकच: मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर सुईखालचा वेग बाहेरच्या कडेला सेकंदाला ५० सेंटीमीटरच्या आसपास असतो, आतल्या टोकाला तो २१ वर येतो आणि वरच्या कंपनसंख्या तिथे बोथट होतात. शेवटच्या बाजूचं शेवटचं गाणं 'हायलँड्स' असल्यामुळे त्याचा उत्तरार्ध नेमका तिथे पडतो. गाणं मऊ आहे, म्हणून नुकसान थोडं. पण सुई घासलेली असेल तर डिलनचे 'स' आधी फुटतील. सीडीवर ही कटकट नाही, आणि ऐंशी मिनिटांच्या आत असल्याने सगळं एकाच चकतीवर बसतं. आमची शिफारस सीडीचीच.

'फ्रॅगमेंट्स' सीडीवर दोन आकारांत मिळतो: पाच सीडींचा पूर्ण संच आणि दोन सीडींचा छोटा, ज्यात नवा मिक्स आणि न वापरलेल्या टेकांची एक चकती. गीतलेखनात रस असेल तर ती दुसरी चकती नव्या मिक्सपेक्षाही मोलाची. न वापरलेल्या टेकांत दिसतं की डिलनच्या वहीत ओळी गाण्यांच्या मालकीच्या नव्हत्या. 'ड्रीमिन ऑफ यू' हे गाणं अल्बममध्ये आलं नाही, पण त्यातली जागेतल्या वाईट उजेडाची ओळ 'स्टँडिंग इन द डोअरवे'त जाऊन बसली. 'मार्चिन टू द सिटी' नावाचं धीमं, चर्चगीताच्या अंगाने जाणारं गाणं शब्दांचा बराच भाग 'टिल आय फेल'ला देऊन संपलं. मूळ गाणं जास्त चांगलं होतं, हे ऐकल्यावर वाटल्याशिवाय राहत नाही. 'नॉट डार्क येट'ची सुरुवातीची आवृत्ती अधिक चपळ आहे. शब्द जवळपास तेच असून माणूस मात्र अजून थकलेला नाही, आणि गाणं पडतं. वेग कमी करणं हा इथे लेखनाचाच निर्णय होता.

पूर्ण संच घ्यावा का? चौथ्या सीडीवर १९९८ ते २००१ मधली मैफलींतली रूपं आहेत, पाचवीवर 'टेल टेल साइन्स' या २००८ च्या खंडात आधीच आलेलं साहित्य. तो खंड घरात असेल तर छोटा संच पुरे.

लॅनवा आणि डिलन यांचं नेमकं कुठे फाटलं ते कानाने शोधायचं असेल तर 'मिसिसिपी' धरा. हे गाणं याच सत्रांत गायलं गेलं आणि अल्बममधून वगळलं गेलं. लॅनवाला त्यात गुंतागुंतीचे ताल हवे होते, डिलनला गाणं साधं ठेवायचं होतं. १९९७ ची एकाहून अधिक रूपं या संचांत मिळतात, त्यातलं एक जवळपास दोन गिटारींवरचं. ती ऐकून लगेच ११ सप्टेंबर २००१ ला आलेल्या 'लव्ह अँड थेफ्ट'मधलं रूप लावा, ज्याची निर्मिती डिलनने 'जॅक फ्रॉस्ट' या टोपणनावाने स्वतः केली. ध्वनिमुद्रक क्रिस शॉ, गळा कोरडा आणि समोर, केम्परचा ढोल सरळ, प्रत्येक वाद्य बोट ठेवून दाखवता येईल असं. त्यानंतरच्या आपल्या नव्या गाण्यांच्या एकाही अल्बमसाठी डिलनने लॅनवाला बोलावलं नाही.